घरातली धूळ आणि हवा गाळण्याचा इतिहास : टिंडलच्या प्रकाशझोतापासून एअर प्युरिफायरपर्यंत

मंडळी, आजचा धागा धुळीवर आहे. लढाया, तह आणि वंशावळी यांची सवय असलेल्या वाचकांना विषय किरकोळ वाटेल. पण गेला महिनाभर आमच्या घरात याच विषयावर वाटाघाटी चालू आहेत, आणि त्या अजून फिसकटलेल्या नाहीत एवढेच.

पार्श्वभूमी थोडक्यात. आम्ही डोंबिवलीत राहतो. शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडली गेली आणि सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येऊ लागले. आईला दमा आहे. गुरुग्रामला राहणाऱ्या दादाने एका एअर प्युरिफायरची लिंक पाठवली आणि खाली लिहिले, ‘आमच्याकडे दोन आहेत, तुम्हालाही एक घेऊ या.’ बाबांचे म्हणणे, पाणी विकत घेतो तेवढे पुरे, आता हवाही विकत घ्यायची का. शेवटी आईने माझ्याकडे पाहिले : ‘अगं, तू एवढी पुस्तके वाचतेस, तर सांग ना, या यंत्राने धूळ जाते का?’

तिला त्या क्षणी ‘हो’ किंवा ‘नाही’ हवे होते. मला मात्र उत्तर शोधताना दीडशे वर्षे मागे जावे लागले. धागा लांब आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात लंडनपासून. २१ जानेवारी १८७०, शुक्रवारची संध्याकाळ. रॉयल इन्स्टिट्यूशनचे सभागृह. व्यासपीठावर जॉन टिंडल, आयर्लंडमध्ये जन्मलेला भौतिकशास्त्रज्ञ. व्याख्यानाचा विषय ‘धूळ आणि रोग’. सभागृहात अंधार केला गेला आणि एका प्रखर दिव्याचा झोत हवेतून सोडला गेला. श्रोत्यांना दिसले की ज्या हवेत आपण निवांत बसलो आहोत, ती तरंगत्या कणांनी गच्च भरलेली आहे.

कवडशात नाचणारी धूळ माणूस अनादि काळापासून पाहत आला आहे, त्यात नवे काय? नवे होते ते पुढचे. टिंडलने झोताखाली ज्योत धरली. झोतात काळ्याशार लाटा उसळू लागल्या, जणू दाट काजळी वर चढत आहे. प्रत्यक्षात तो धूर नव्हताच. ज्योतीने कण जळून गेले होते, आणि कण नसल्यामुळे तेवढ्या भागात प्रकाश विखुरण्यासाठी काही उरले नव्हते. आपण ज्याला काळा धूर समजतो आहोत ती खरे तर स्वच्छ हवा आहे, हे पाहून लोक चकित झाले.

टिंडल या प्रयोगापर्यंत धुळीचा अभ्यास करत पोहोचला नव्हता. १८६८ मध्ये तो निरनिराळ्या वायूंवर प्रकाशाचा काय परिणाम होतो हे काचेच्या नळीत पाहत होता आणि त्यासाठी त्याला निष्कण हवा हवी होती. हवा गंधकाम्लातून नेली, पोटॅशच्या द्रावणातून नेली, तरी कण दिसतच राहिले. मग ती स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून नेली आणि कण नाहीसे झाले. म्हणजे लंडनच्या खोल्यांतील तरंगती धूळ जळू शकत होती. ती निव्वळ दगडमाती नव्हती, तिचा मोठा भाग सेंद्रिय होता. तोवर त्याची स्वतःची समजूतही उलटीच होती.

त्या संध्याकाळचे आणखी दोन प्रयोग आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहेत. पहिला असा : तोंडावर कापसाचा जाड थर धरून त्यातून श्वास घेतला, तर आत जाणारी हवा गाळली जाते. दुसरा अधिक अस्वस्थ करणारा. त्याने झोतात उच्छ्वास सोडला. सुरुवातीला झोत फारसा बदलला नाही. पण श्वासाचा शेवटचा भाग, म्हणजे फुप्फुसांच्या तळातून येणारी हवा बाहेर पडू लागली तसा झोत काळा पडला. ती हवा धूळविरहित होती. मग धूळ गेली कुठे? ती आतच राहिली होती. माझ्या मते, फुप्फुस हीच एक गाळणी आहे आणि ती रोज वापरली जाते, हे इतक्या नाट्यमय रीतीने दाखवणारा हा पहिला जाहीर प्रयोग असावा. पुढे टिंडलने कापूस, ग्लिसरीन आणि लोणारी कोळसा एकत्र करून अग्निशमन दलाच्या जवानांसाठी श्वसनयंत्रही तयार केले. डॉक्टर मंडळींना मात्र भौतिकशास्त्रज्ञाची ही लुडबूड फारशी रुचली नाही.

येथे क्षणभर थांबते, कारण कापूस हा शब्द आमच्या घरात वेगळ्या अर्थाने येतो. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कार्डिंग म्हणजे कापूस पिंजून त्याचे तंतू सरळ करणे. पाळी संपवून ते घरी येत तेव्हा भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कापूस असे, असे बाबा सांगतात. त्यांना सुट्टीनंतर कामावर गेल्यावर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होई आणि आठवडा सरत जाईल तसे बरे वाटे. घरात याला ‘सुट्टीचा आळस’ म्हणत. वैद्यकात याला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या, तागाच्या धुळीने होणारा हा फुप्फुसांचा आजार आहे आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी उसळणे हीच त्याची खूण. ताग आणि अंबाडी पिंजणाऱ्यांचा खोकला इटालियन वैद्य रामाझिनीने अठराव्या शतकाच्या आरंभीच नोंदवून ठेवला होता.

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी उभारायला घेतली. १९१२ मध्ये मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. तो धुरांड्यांतून निघून शहरभर पसरणाऱ्या धुराचा कायदा होता. खात्यातल्या हवेचा नव्हता. टिंडलने ज्या कापसाची गाळणी केली, तोच कापूस आजोबांच्या छातीत साठत होता. धुळीचा इतिहास वाचताना ‘कोणती धूळ’ याबरोबरच ‘कोणाच्या नाकातली’ हाही प्रश्न विचारावा लागतो, म्हणून हे सांगितले.

आता मूळ धाग्याकडे. हवेत जंतू आहेत हे पटल्यावर शल्यविशारद जोसेफ लिस्टरने १८७१ च्या सुमारास शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बोलिक आम्लाचा फवारा मारण्यास सुरुवात केली. आधी हातपंप, पुढे वाफेवर चालणारा फवारा. सगळी खोली दमट व्हायची, शल्यविशारदांचे हात सोलवटायचे, डोळे चुरचुरायचे. आजच्या भाषेत हा एक प्रकारचा एअर प्युरिफायरच होता. आणि १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत लिस्टरने स्वतः उभे राहून, ही पद्धत आपण कधीकाळी सुचवली याची आपल्याला लाज वाटते, अशी जाहीर कबुली दिली. जखमेत जंतू जात होते ते मुख्यतः हात, उपकरणे आणि पट्ट्यांतून. हवेतून येणाऱ्यांचा वाटा फारच थोडा होता. एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या सरळपणे चूक मान्य केल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात फार नाहीत.

फवारा बर्लिनमध्ये मागे घेतला गेला, तरी कार्बोलिकवरची श्रद्धा ओसरली नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगश या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले आणि मुंबईत धुण्यापुसण्याची मोहीम सुरू झाली. गटारांत कार्बोलिक मिसळलेले पाणी सोडले गेले, भिंतींना चुना फासला गेला, प्रकाश आणि वारा यावा म्हणून घरांची कौले उतरवली गेली. रोग साचलेल्या हवेत, ओलीत आणि घाणीत दबा धरून असतो असा त्यामागचा तर्क. खरा वाहक होता उंदरावरची पिसू. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने जून १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून ते दाखवले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. तोवर कितीतरी संसार रस्त्यावर आले होते.

पण या चुकलेल्या तर्कातूनही काही टिकाऊ निर्माण झाले. १८९८ च्या कायद्याने मुंबई सुधार न्यास, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते आखताना समुद्रावरचा वारा दाट वस्तीत खोलवर पोहोचावा हा एक हेतू होता. न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. नियम सोपा आहे : समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत रेषा ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा अधिक कोन करता कामा नये. हिशेब केला तर अर्थ होतो, समोरची इमारत ३० फूट उंच असेल तर मधली मोकळी जागा निदान १५ फूट हवी. दादर, माटुंगा भागांतील जुन्या इमारतींमधून आजही हवा खेळते, त्यामागे न्यासाच्या आखणीचा मोठा हात आहे. अर्थात न्यासाने आरंभीच्या वर्षांत गरिबांची घरे बांधली त्यापेक्षा अधिक पाडली, हेही इतिहासकारांनी नोंदवले आहे. हा नियम वाचून मी आमच्या खिडकीतून शेजारी उभ्या राहणाऱ्या सांगाड्याकडे पाहिले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आता घरात शिरू. झाडण्याने धूळ जाते का? फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८६० च्या सुमारास शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात यावर सपकारेच ओढले होते. कोरड्या फडक्याने झटकणे म्हणजे धूळ एका वस्तूवरून उठवून दुसऱ्या वस्तूवर बसवणे. पुसायचे असेल तर ओल्या फडक्याने पुसा, असे तिचे म्हणणे. त्या काळच्या इंग्रज घरांत गालिचा झाडण्यापूर्वी त्यावर चहाचा ओला चोथा पसरत, जेणेकरून धूळ उडू नये. आपल्याकडे केर काढण्यापूर्वी अंगणात सडा घालत, मातीची जमीन शेणाने सारवून तिचा पृष्ठभाग बांधून ठेवत. चपला दाराबाहेर, आल्यावर आधी पाय धुणे, हेही त्यातलेच. मी याला ‘आपल्या पूर्वजांचे विज्ञान’ वगैरे म्हणणार नाही. कोरडी धूळ उडते आणि ओली बसते, हे जगातल्या प्रत्येक झाडणाऱ्या बाईला ठाऊक होते, इतकेच.

१९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने उलटा विचार केला. त्याने एक यंत्र पाहिले होते, जे हवेच्या झोताने धूळ उडवून पेटीत पाडण्याचा प्रयत्न करी. धूळ अर्थातच सगळीकडे जाई. बूथने एका उपाहारगृहात खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावले आणि जोराने हवा ओढली. ठसका लागला, पण रुमालाच्या दुसऱ्या बाजूला धुळीचा काळा डाग उमटला. व्हॅक्यूम क्लीनरचे मूळ तत्त्व हेच. त्याचे पहिले यंत्र घोडागाडीवर बसवलेले होते. ते घरासमोर उभे करून लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडाव्या लागत. सातव्या एडवर्डच्या १९०२ च्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने साफ झाले.

घरात हाताने फिरवता येईल असे यंत्र मात्र एका दमेकऱ्याने बनवले. जेम्स मरे स्पँगलर हा अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका दुकानात सफाई कामगार होता. गालिचे झाडताना त्याचा दमा उसळे. त्याने पंख्याची मोटर, लाकडी खोके, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा असा संसार जुळवून यंत्र उभे केले. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले आणि पुढे ते हक्क हूवर कुटुंबाने घेतले. नाव हूवरचे झाले. दमा स्पँगलरचा होता.

या यंत्रांत एक गोम होती, आणि आईच्या प्रश्नाच्या दृष्टीने ती महत्त्वाची. कापडी पिशवीत जाडी धूळ अडकते, पण सर्वांत बारीक कण कापडाच्या विणीतून पार होऊन पुन्हा खोलीत येतात. डोळ्यांना घर स्वच्छ दिसते, छातीला मात्र तसे वाटत नाही. जाता जाता : यंत्रांमुळे बायकांचे कष्ट कमी झाले ही सर्वमान्य समजूत रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात खोडून काढली. कष्ट कमी होण्याऐवजी स्वच्छतेच्या अपेक्षाच वाढल्या, असा त्यांचा मुद्दा. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, ‘यासाठी पुस्तक लिहावे लागले?’

मग घरातली धूळ नेमकी असते तरी काय? ‘घरातली बहुतांश धूळ म्हणजे माणसाची मेलेली कातडी’ हे वाक्य तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचले असेल. ते खरे नाही. धुळीचे प्रमाण घरागणिक बदलते. त्यात चपलांबरोबर आलेली माती, खिडकीतून आलेले कण, कपड्यांचे तंतू, स्वयंपाकाची काजळी, परागकण, आणि हो, थोडी कातडीही असते. पण कातडीचा उल्लेख अगदीच अनाठायी नाही, कारण तिच्यावर जगणारे कोणीतरी आपल्या गादीत राहते.

१९२० च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आले होते की काही रुग्णांना घरच्या धुळीनेच दम लागतो. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात स्टॉर्म व्हॅन लेउवेन यांनी रुग्णांसाठी एक खास खोली बांधली, जिच्यात उंचावरून ओढलेली स्वच्छ हवा सोडली जाई. तिथे अनेकांना आराम पडे, घरी परतल्यावर पुन्हा त्रास. धुळीत नक्की काय आहे ते कळायला आणखी चार दशके लागली. १९६४ मध्ये त्याच लायडनमधील फोरहोर्स्ट आणि स्पीकस्मा यांनी गुन्हेगार ओळखला : डस्ट माइट, डोळ्यांना न दिसणारा आठ पायांचा जीव, जो आपल्या कातडीच्या सालपटांवर जगतो. तो पाणी पीत नाही, हवेतला दमटपणा शोषतो. म्हणून हॉलंडची ओलसर घरे त्याला मानवत होती, आणि म्हणूनच मुंबई-कोकणची हवाही मानवते. दम लावतो तो हा जीव स्वतः नव्हे, तर मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिने.

येथे थोडे भौतिकशास्त्र येऊ द्या, कारण सगळा निकाल यावरच आहे. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण दोन मीटर उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे दहा-बारा मिनिटे लागतात. अडीच मायक्रॉनच्या कणाला सुमारे तीन तास. एक मायक्रॉनच्या कणाला पंधरा तासांहून अधिक. शंभर मायक्रॉनचा कण काही सेकंदांतच खाली. माइटच्या विष्ठेचे कण बहुधा १० मायक्रॉनहून मोठे असतात. म्हणजे गादी झटकली की ते उडतात आणि थोड्याच वेळात पुन्हा बसतात. कोपऱ्यातल्या यंत्रापर्यंत पोहोचण्यास त्यांना सवडच नसते. टेबलावर बसणारी, बोटाने नाव लिहिता येणारी धूळ तर त्याहून जाडी.

उलट जे कण तासन्तास तरंगतात, तेच फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात, आणि तेच डोळ्यांना दिसत नाहीत. ते पकडणारी गाळणी आली युद्धातून.

दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या हाती जर्मन गॅस मास्कचे डबे लागले. त्यांतील गाळण कागद विषारी धूर विलक्षण कार्यक्षमतेने अडवत होता. अमेरिकी लष्कराच्या रासायनिक युद्ध विभागाने त्याची नक्कल केली आणि तो कागद अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी वापरला गेला. नोबेल विजेते आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी युद्धकाळात गाळणीचे गणित मांडले. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही, तो तंतूवर आदळतो. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतो आणि कुठेतरी तंतूला चिकटतो. अडचण मधल्यांची, जे धड जड नाहीत आणि धड भरकटतही नाहीत. हा आकार सुमारे ०.३ मायक्रॉन. म्हणून हेपा गाळणीची कसोटी या सर्वांत निसटत्या कणावर घेतली जाते : त्यातले ९९.९७ टक्के अडले पाहिजेत. ‘०.३ पेक्षा लहान कण हेपातून निसटतात’ हा समज त्यामुळे उलटा आहे. ते अधिकच सहज अडकतात.

या स्वच्छ हवेच्या कागदाची एक कटू गंमत आहे. सुरुवातीच्या कागदात ॲस्बेस्टॉस होते, म्हणजे ज्या तंतूंनी पुढे हजारो कामगारांची फुप्फुसे निकामी केली तेच. काचतंतूंचा कागद नंतर आला. प्रयोगशाळा, औषध कारखाने, शस्त्रक्रियागृहे असा प्रवास करत ही गाळणी घरात शिरली. वाटेत भलतेही पुष्कळ विकले गेले. गाळणीऐवजी हवेत विद्युतभारित कण सोडणारी, काही तर ओझोन निर्माण करणारी यंत्रे ‘ताजी हवा’ म्हणून खपली. ओझोन दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला डिवचतो. तेव्हा पेटीवर ‘आयोनायझर’ लिहिले असेल तर ते बंद करण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे.

दिल्लीत प्युरिफायर ही चैन राहिली नाही, हे दादा सांगतो आणि ते खरेही आहे. जानेवारी २०१५ मध्ये ओबामांच्या भेटीपूर्वी अमेरिकी दूतावासाने १,८०० हून अधिक प्युरिफायर घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. मला मात्र तेव्हा १९५२ चे लंडन आठवते. ५ ते ९ डिसेंबरच्या धुरक्याने हजारो माणसे मेली. सुरुवातीचा अंदाज ४,००० चा, पुढील अभ्यासांत तो १२,००० पर्यंत गेला. त्यानंतर घरोघरी गाळण्या वाटल्या गेल्या नाहीत. १९५६ चा कायदा आला आणि घरांतील शेगड्यांचे इंधन बदलू लागले. दूतावास आपल्यापुरती हवा गाळू शकतो, शहर गाळू शकत नाही. दिल्लीत २०२१ मध्ये कॅनॉट प्लेसला उभारलेला धुरके शोषणारा मनोरा पाहून मला लिस्टरचा फवाराच आठवला होता.

तर आईला मी काय सांगितले? टेबलावरची धूळ यंत्राने जाणार नाही. त्यासाठी ओले फडके, ओली फरशी, दारात जाड पायपुसणे, आणि खोदकामाच्या तासांत त्या बाजूच्या खिडक्या बंद. माइटसाठी गादीला घट्ट विणीची खोळ, चादरी-अभ्रे कढत पाण्यात, गोधड्या उन्हात. यातले शेवटचे ती माझ्या जन्माआधीपासून करते आहे. पण न दिसणाऱ्या बारीक कणांवर हेपा यंत्र खरोखर काम करते. एका बंद खोलीतले हे कण ते निम्म्यापर्यंत, कधी त्याहूनही खाली आणू शकते. दम्याची लक्षणे काहींना कमी जाणवतात, काहींना विशेष फरक पडत नाही. औषधाची जागा ते घेत नाही. अट एकच : दार बंद हवे आणि यंत्र खोलीच्या मानाने पुरेसे. आईची खोली दहा बाय बाराची, म्हणजे सुमारे ३२ घनमीटर हवा. तासाला पाच वेळा ती गाळायची तर यंत्राची स्वच्छ हवा देण्याची क्षमता, जिला सीएडीआर म्हणतात, ताशी किमान १६० घनमीटर हवी. जाहिरातीतल्या ‘इतक्या चौरस फुटांसाठी’वर जाऊ नये, हा आकडा पाहावा. आणि गाळणी बदलण्याचा खर्च यंत्राच्या किमतीत आधीच मिळवून ठेवावा.

यावर वाद झालाच. बाबा म्हणाले, एवढी मांडणी करून शेवटी विकतच घ्यायचे ना! मी म्हटले, आधी एक फुकटची गोष्ट करू. आमच्याकडे रोज रात्री डासांची कॉइल जळत असे, आईच्या खोलीत, दार लावून. एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असे २००३ च्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. बाबा सिगारेटच्या नावाने बोटे मोडणारे. ते काही क्षण गप्प बसले आणि उठून कॉइलचे खोके कचऱ्यात टाकून आले. दुसऱ्या दिवशी खिडक्यांना जाळी बसवणाऱ्याला बोलावणे गेले.

त्याच आठवड्यात सोसायटीने बिल्डरला पत्र दिले. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामाच्या धुळीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या : पत्र्याचे उंच कुंपण, ओले हिरवे कापड, पाण्याचा फवारा. आमचे गाव त्या महापालिकेत येत नाही, पण नमुना म्हणून आम्ही त्या जोडल्या. हिरवे कापड आले आहे. फवारा ‘येतो आहे’.

प्युरिफायरही आला, दादाच्या पैशांनी, आईच्या खोलीपुरता. रात्री दार लावून चालतो. पहिल्या दोन आठवड्यांत ती रात्री कमी वेळा उठली. पण त्यात कॉइल बंद झाल्याचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे मी सांगू शकत नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थिनीने दोन घटना पाठोपाठ घडल्या म्हणून त्यांना कार्यकारण म्हणू नये. आई रोज सकाळी ओल्या फडक्याने ते यंत्रही पुसते, कारण त्याच्या डोक्यावर धूळ बसते.

पुढचा धागा गिरण्यांच्या कार्डिंग खात्यांवर करायचा विचार आहे. तुमच्या घरी कोणी आजोबा-आजी त्या खात्यात असतील, त्यांच्या आठवणी, पगाराच्या चिठ्ठ्या, दवाखान्याचे जुने कागद जपलेले असतील, तर जरूर कळवा. आमच्याकडे आजोबांचा फक्त एक बिल्ला उरला आहे.